‘पोटेन्शियल’च्या रकान्यात काय भरू?

अंबड_सेकंडशिफ्ट — सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, मदत हवी आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मशीन शॉपला असिस्टंट मॅनेजर आहे. आजवर अप्रेझल म्हणजे दुसऱ्या कोणीतरी माझं करायची गोष्ट होती. या वर्षी पहिल्यांदा ते माझ्या हातून व्हायचंय, अकरा जणांचं. कामाचा रकाना भरून झाला. उत्पादन, रिजेक्शन, हजेरी, कायझन (कामात सुचवलेल्या छोट्या सुधारणा), सगळे आकडे सिस्टीमला आहेत. घोडं अडलंय शेजारच्या रकान्यात. ‘पोटेन्शियल : कमी / मध्यम / जास्त’. खाली कारण लिहायला अर्ध्या ओळीची जागा. एचआरच्या मुलीला विचारलं, यात नक्की काय बघायचं? ती म्हणाली, "सर, तुम्हाला त्यांच्याबरोबर काम करून कळतंच ना." कळत असतं तर तुला विचारलं असतं का बाई!

नऊ जणांचं कसंबसं लिहिलं. दोघांवर अडकलोय. नावं देत नाही, बोलका आणि गप्प म्हणू.

बोलका डिप्लोमावाला, चार वर्षं झाली. सकाळच्या मीटिंगला प्लांट हेडसमोर आकडे घडाघडा सांगतो. कस्टमर ऑडिट असलं की आम्ही त्यालाच पुढे करतो. काम चांगलंच आहे. आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो, कारण मीही डिप्लोमावाला आणि त्याच्या वयात अगदी तसाच होतो.

गप्प सुरगाण्याकडचा. आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आला, आता सेटर आहे, म्हणजे मशीनवर टूल लावून माप जुळवून देणारा. मीटिंगला खांबाच्या मागे उभा राहतो. काही विचारलं तर "हो सर" नाहीतर "झालं सर". तीन वर्षांत त्याच्या तोंडून सलग तीन वाक्यं मी ऐकली नव्हती.

फेब्रुवारीत आमच्या एका हाऊसिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान यायला लागला. तीन शिफ्ट मिळून चारशेच्या आसपास नग लाल ट्रेमध्ये, म्हणजे रिजेक्ट. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) लवकर झिजतोय एवढं दिसत होतं, म्हणून लॉट खराब आला असं धरून आम्ही सप्लायरशी भांडत होतो. व्हाय-व्हायचा (‘का? का?’ विचारत मूळ कारण शोधायचा) कागद भिंतीला लावून सगळे त्याच्याकडे बघत उभे. तेवढ्यात हा आला आणि खिशातून शंभर पानी वही काढली. शाळेत असते तशी, कडा तेलाने काळ्या झालेली. तारीख, मशीन नंबर, इन्सर्ट कितव्या नगाला बदलला, आणि शेवटी एकदोन शब्द. ‘आवाज जाड.’ ‘चिप निळी.’ ‘कूलंट पातळ.’ पाच आठवडे दर सोमवारी फर्स्ट शिफ्टला ‘कूलंट पातळ’ लिहिलेलं होतं. शोधलं तर रविवारी टाकी भरणारा माणूस नुसतं पाणी वाढवत होता आणि तेलाचं प्रमाण बघायचा रिफ्रॅक्टोमीटर कपाटात बंद पडून होता.

मी विचारलं, "अरे, आधी का नाही सांगितलंस?"

म्हणाला, "सर, लॉगबुकात तसा रकाना नाही."

आता पेच असा. साहेबांनी सांगितलंय की अकरापैकी ‘जास्त’ दोघांनाच द्यायचं. एक जागा एका सीनिअर मुलाची, त्याबद्दल वाद नाही. उरली एक. साहेबांचा कल बोलक्याकडे. "त्याला प्रेझेन्स आहे रे. दुसऱ्याचं काम झकास, पण कम्युनिकेशन?" शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. तुम्ही काय केलं असतं?


काठावरचा — सोमवार, रात्री ११:३२

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही मार्चनंतर हाच तमाशा असतो.


जुना_पर्सोनेल — मंगळवार, सकाळी ६:४५

३१ वर्षं सातपूरला काढली. लागलो तेव्हा पर्सोनेल होतो, मग एचआर झालो, निघालो तेव्हा आणखी काहीतरी लांबलचक नाव होतं. टेबल तेच.

तुमचा फॉर्म पुढे कुठे जातो ते आधी सांगतो, म्हणजे त्या रकान्याचं वजन कळेल. सगळ्या मॅनेजरांचे फॉर्म जमा झाले की नऊ घरांचा तक्ता मांडतात. आडवं आतापर्यंतचं काम, उभं पुढची कुवत. हा तक्ता मुळात माणसांसाठी नव्हताच. जनरल इलेक्ट्रिककडे धंदे पुष्कळ झाले, तेव्हा कोणत्यात पैसा घालायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला १९७० च्या दशकात मॅकिन्झीच्या मदतीने तो केला. मागाहून कोणीतरी धंद्याच्या जागी माणसं बसवली.

मग बंद खोलीत बैठक होते, तिला कॅलिब्रेशन म्हणतात. मी अशा पन्नासेक बैठकांना बसलो असेन. एका माणसाच्या वाट्याला तीनचार मिनिटं येतात. जेवणानंतरची बैठक असेल तर त्याहून कमी. त्या खोलीत तो माणूस नसतो, त्याचा साहेब त्याचा वकील असतो. साहेबाने एक प्रसंग नीट सांगितला तर माणूस वर सरकतो. "चांगला आहे, मेहनती आहे" एवढंच म्हटलं की संपलं. मेहनती हा शब्द त्या खोलीत कौतुक म्हणून कोणी ऐकत नाही बरं का. मेहनती म्हणजे आहे तिथेच ठेवा.

दोघांचा कोटा ही जुनी खोड. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांची वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के अशी वाटणी गाजली आणि जगभर उचलली गेली. मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडून दिली. आपल्याकडे अजून आहे, कारण इन्क्रिमेंटचं पाकीट आधी ठरतं आणि माणसं त्यात मागाहून बसवतात.

तुम्हाला एकच विचारतो. पोटेन्शियल कशासाठी? लाइन सुपरवायझर हवाय, कस्टमरकडे पाठवायला माणूस हवाय की प्रोसेस इंजिनीअर? फॉर्मवर ते लिहिलेलंच नसतं आणि सगळी गडबड तिथे होते.


टपरी_नंबर_दोन — मंगळवार, सकाळी १०:१५

पोटेन्शियल म्हणजे रविवारी साहेबांबरोबर मखमलाबादकडे मिसळ खायला कोण जातं ते. सोपंय. उगाच तक्तेबिक्ते.

माझ्या आधीच्या नोकरीत (सिन्नर, नाव विचारू नका) एकाला ‘हाय पोटेन्शियल’ म्हणून पुण्याला पंधरा दिवस ट्रेनिंगला पाठवलं. का, तर त्याने साहेबांच्या मुलाचा बारावीचा केमिस्ट्रीचा क्लास लावून दिला होता. परत आला आणि महिनाभरात दुसरीकडे गेला. बाँडसुद्धा करून घेतला नव्हता. आम्ही बाकीचे ‘लो पोटेन्शियल’ अजून तिथले नट आवळतोय. म्हणजे मी सोडून. मी इथे प्रतिसाद आवळतोय.


मायक्रॉन — मंगळवार, दुपारी १:४०

क्वालिटीत आहे, चौदा वर्षं. टपरी, हसले, पण सगळीकडे मिसळच असते असं नाही. माझे साहेब सज्जन होते. तरीही झालं.

२६ आठवड्यांची रजा संपवून परत आले त्या वर्षीचा माझा फॉर्म. कामाच्या रकान्यात ‘अत्युत्तम’. त्या वर्षी माझ्या लाइनवर कस्टमरची एकही तक्रार नव्हती. पोटेन्शियल ‘मध्यम’. मी कारण विचारलं. साहेब अगदी मनापासून म्हणाले, "अगं, सध्या तुझ्यावर लोड नको म्हणून." लोड नको हे मी बोलले नव्हते. घरी सासूबाई होत्या, पाळणाघर इंदिरानगरला दोन गल्ल्या सोडून होतं, सगळी घडी बसली होती. मला कोणी विचारलंच नाही. त्यांनी काळजी केली आणि माझी तीन वर्षं गेली.

नंतर वाचनात आलं. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तिघांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीच्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. बायकांना कामाचे गुण पुरुषांपेक्षा जास्त होते आणि पोटेन्शियलचे कमी. बढतीतल्या फरकाचा बराच मोठा वाटा या एका रकान्याचा निघाला. गंमत पुढे आहे. तेवढंच पोटेन्शियल मिळालेल्या पुरुषांपेक्षा त्या बायकांनी पुढच्या वर्षी काम जास्त चांगलं केलं. म्हणजे अंदाज चुकला होता. आणि पुढच्या फॉर्मला पुन्हा तोच अंदाज!

कामाच्या रकान्याला आकडा असतो म्हणून तिथे माणूस जपून लिहितो. पोटेन्शियलच्या रकान्यात ज्याच्या त्याच्या मनातला ‘साहेब’ बसलेला असतो. त्या साहेबाला मिशी असते बहुतेक वेळा.


काठावरचा — मंगळवार, दुपारी १:५५

+१. शेवटचं वाक्य दंडवत.


आकडेमोड — मंगळवार, रात्री ९:२०

मी शिकवतो, कारखान्यात कधी काम केलं नाही, त्यामुळे शिव्या घालायला मोकळीक आहे. पण धागाकर्त्याने एक वाक्य ओघात लिहून टाकलंय, ते उचलून धरतो : "मीही त्याच्या वयात तसाच होतो." आख्ख्या धाग्यातली महत्त्वाची कबुली ती.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, हे गुण सुटे सुटे द्यायचे होते. पण ज्याला एका बाबतीत गुण चढे, त्याला सगळ्याच बाबतीत चढे. उंचापुरा आहे ना, मग हुशारही असणार. याला हेलो इफेक्ट म्हणतात, देवाच्या फोटोमागचं तेजोवलय असतं तसं. तुमच्या साहेबांचा ‘प्रेझेन्स’ म्हणजे हेच वलय. बोलका आकडे चांगले सांगतो. त्यावरून तो माणसं चांगली सांभाळेल हे कुठून आलं?

दुसरं, २००० साली हजारो मॅनेजरांच्या रेटिंगचा एक अभ्यास झाला होता. त्यात असं निघालं की गुणांमध्ये जो फरक दिसतो त्याचा निम्म्याहून जास्त वाटा गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींचा असतो. ज्याला गुण दिले त्याच्या कामाचा वाटा त्यापुढे लहान. म्हणजे फॉर्म तुम्ही गप्पचा भरताय, पण त्यात बराचसा फोटो तुमचाच उमटणार आहे.


मायक्रॉन — मंगळवार, रात्री ९:४१

आकडेमोड, हे आमच्या भाषेत सांगू? कोणताही गेज, म्हणजे मोजायचं साधन, वापरण्याआधी आम्ही त्याचं गेज आर अँड आर करतो. तोच नग तीन ऑपरेटरांकडून पुन्हा पुन्हा मोजून घ्यायचा आणि फरक नगात आहे की मोजणाऱ्यात ते बघायचं. मोजण्याचाच फरक ३० टक्क्यांच्या वर गेला तर तो गेज लाइनवर चालत नाही, बाजूला काढतात. गणिताची पद्धत अगदी तीच नाही, पण निम्म्याहून जास्त म्हणजे... हा गेज आमच्या स्टँडर्ड रूमच्या दारातून आत आला नसता. आणि आपण त्याने माणसाची दहा वर्षं मोजतो.


अंबड_सेकंडशिफ्ट — बुधवार, रात्री १२:३०

आत्ता शिफ्ट संपवून आलो. सगळे प्रतिसाद कॅन्टीनमध्ये वाचले, भाजी गार झाली.

आकडेमोड, पकडलंत. गप्पला मी तीन वर्षांत मीटिंगमध्ये एकही प्रश्न विचारलेला नाही. बोलक्याला रोज विचारतो. मग बोलण्याचा सराव कोणाचा होणार?

जुना पर्सोनेल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. वर्षअखेरीला आमचा एक लाइन सुपरवायझर रिटायर होतोय. फॉर्म त्याच जागेसाठी आहेत हे मला आज कळलं, तेही टाइम ऑफिसमधून.


द्राक्षबाग — बुधवार, सकाळी ८:०५

एक बाजू राहून गेली. गप्पला सुपरवायझर व्हायचंय का? कोणी विचारलं?

मी निफाडचा. दोन एकर बाग आहे, भाऊ बघतो, पण ऑक्टोबर छाटणीला आणि पुढे काढणीला मी लागतोच. कंपनीने दोनदा सुपरवायझर करतो म्हटलं, दोनदा नाही म्हणालो. ऑपरेटरला ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, करारात पगार वाढतो, युनियन पाठीशी असते, आठ तास झाले की कार्ड मारून घरी. सुपरवायझर झालो की ओव्हरटाइम गेला, करार गेला, फोन मात्र रात्रंदिवस. पहिल्या वर्षी हातात पगार कमीच पडतो, हिशेब करून बघा. माझ्या फॉर्मवर ‘महत्त्वाकांक्षा नाही’ असं लिहिलंय म्हणे. महत्त्वाकांक्षा आहे हो, ती थॉमसन सीडलेसला लागते.


बोलतो_म्हणून_खातो — बुधवार, सकाळी ११:३०

सगळे मिळून बिचाऱ्या बोलक्याला धोपटताय म्हणून लिहितो. मी मार्केटिंगला आहे, म्हणजे जन्मजात बोलका.

बोलणं हेही काम असतं. ऑडिटर समोर बसलेला असताना घाम न फुटता उत्तर देणं, प्लांट हेडला वाईट बातमी सकाळी साडेआठला सांगणं, याला छाती लागते. तुमच्या गप्पने पाच आठवडे ‘कूलंट पातळ’ वहीत लिहून ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही. चारशे नग अडकले. कौतुक करा, पण हेही बघा. सुपरवायझरने वहीत लिहून खिशात ठेवलं तर कंपनी बसेल. रकाना नव्हता हे उत्तर सेटरला शोभतं. सुपरवायझरने रकाना काढायचा असतो.

आणि बोलके लोक काम न करता बोलतात हा आपला मराठी समज. "बोलाचीच कढी" पाठ करून मोठे झालो ना आपण.


टपरी_नंबर_दोन — बुधवार, सकाळी ११:४८

तरीच मार्केटिंगवाल्यांच्या ताटात भात दिसत नाही, नुसती कढी.


जुना_पर्सोनेल — बुधवार, संध्याकाळी ७:१०

मार्केटिंगवाल्यांचा मुद्दा खरा आहे, टाळू नका. बैठकीत साहेब हाच मुद्दा काढतील.

माझा अनुभव विचाराल तर बसून अंदाज करण्यापेक्षा छोटं काम देऊन बघावं. सुपरवायझर रजेवर गेला की त्याची जागा पंधरा दिवस द्यायची. खरी द्यायची हां. "तू बघ फक्त, मी आहेच" असं म्हणून नाही. आणि मग तीन गोष्टींवर डोळा ठेवायचा. चूक झाली तर तो तुम्हाला किती वेळात सांगतो. नव्या पोराला शिकवताना त्याच्या हातातून पाना काढून घेतो की त्याच्याच हातात ठेवतो. आणि रात्री अडीचला मशीन बंद पडली की पोरं कोणाला फोन लावतात. शेवटचं मी गेटच्या सिक्युरिटीकडून काढायचो. सिक्युरिटीला सगळं माहीत असतं.

पण अशी संधी देण्याआधीही साहेब अंदाजच करतो की कोणाला द्यायची. ज्याला ‘जास्त’ लिहिलं त्यालाच ट्रेनिंग, त्यालाच बदलीवर जागा, त्यालाच प्लांट हेडची ओळख. तीन वर्षांनी तो पुढे गेलेला असतो आणि साहेब म्हणतो, बघा, माझी पारख! मी स्वतः किती वेळा असा खूश झालोय.


आकडेमोड — बुधवार, रात्री १०:०२

याला जोडून. चांगल्या कामगाराला बढती देत देत शेवटी त्याला न जमणाऱ्या खुर्चीत बसवतात, हा लॉरेन्स पीटर यांचा १९६९ चा सिद्धांत, पीटर प्रिन्सिपल. मायक्रॉन यांनी सांगितलेल्या त्याच तिघा संशोधकांनी तो २१४ अमेरिकी कंपन्यांच्या विक्री विभागात तपासून पाहिला. सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण मॅनेजर म्हणून त्यांच्या हाताखालच्यांची विक्री घसरली. ज्यांनी दुसऱ्यांबरोबर वाटून विक्री केली होती ते मॅनेजर म्हणून चांगले निघाले, पण बढती देताना त्या गोष्टीला कोणी फारसं वजन दिलं नव्हतं.

म्हणून "गप्पचं काम झकास, त्याला द्या" हेही उत्तर नाही. चांगला सेटर चांगला सुपरवायझर होईलच असं नाही. वहीने तो बारीक बघतो एवढं सिद्ध झालं. माणसं सांभाळेल का, ते बघायचं राहिलंय. दोघांचंही.


घरबसल्या_आयटी — गुरुवार, दुपारी १२:२०

गंगापूर रोडवरून पुण्याच्या टीमसाठी काम करतो. मला खांबाच्या मागे उभं राहायचीही सोय नाही, मी चौकोनातला फोटो आहे. आमच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, ऑफिसला येणारे डोळ्यासमोर असतात. आता महिन्यातून चार दिवस जातो आणि त्या चार दिवसांत काहीही काम न करता सगळ्यांबरोबर चहा पितो. या वर्षी ‘जास्त’ मिळालं. चहाचं पोटेन्शियल.


अंबड_सेकंडशिफ्ट — शनिवार, सकाळी ९:३०

काल फॉर्म दिला आणि लगेच बैठकही झाली.

मी दोघांनाही ‘जास्त’ लिहिलं, म्हणजे कोट्याच्या वर एक. साहेबांनी वर न बघता विचारलं, "कोणाचं खोडू?" वहीच्या पानाचा फोटो काढून नेला होता, तो दाखवला, प्रसंग सांगितला. प्लांट हेडनी फोटो मोठा करून नीट बघितला. म्हणाले, "बोलक्याने प्रेझेंटेशन केलं होतं ते हेच ना? छान होतं." प्रेझेंटेशनवर दोघांची नावं होती, गप्पचं आधी. बोलक्यानेच तसं टाकलं होतं, हेही सांगतो, उगाच खलनायक नको. पण लक्षात राहिला तो उभा राहून बोलणारा.

पुढचा प्रश्न अगदी मार्केटिंगवाल्यांचाच आला, पाच आठवडे सांगितलं का नाही? माझ्याकडे उत्तर होतं, आम्ही विचारलं नाही म्हणून. ते मी दिलंही. खोलीत जरा शांतता झाली आणि साहेबांनी पुढचं नाव घेतलं. चार मिनिटं पण झाली नसतील.

बोलका ‘जास्त’, गप्प ‘मध्यम’.

एक मात्र पदरात पाडून घेतलं. मेमध्ये आमचा सुपरवायझर मुलीच्या लग्नाला पंधरा दिवस रजेवर आहे. पहिला आठवडा गप्प आणि दुसरा बोलका, दोघांनाही जागा खरोखरची द्यायची. साहेब म्हणाले, "कर, पण डिस्पॅच अडलं तर तू."


मायक्रॉन — शनिवार, सकाळी १०:०५

शाब्बास. आणि मेनंतर इथे येऊन सांगायचं, नाहीतर धागा मी वर काढीन.


मायक्रॉन — रविवार, सकाळी ११:००

जून लागला. धागा वर काढतेय.


अंबड_सेकंडशिफ्ट — रविवार, रात्री १०:५०

आलो. पपया नर्सरीच्या सिग्नलला अर्धा तास अडकलो होतो, तिथेच काय लिहायचं ते ठरवलं.

गप्पचा आठवडा. पहिल्या दिवशी शिफ्ट हँडओव्हर दोन मिनिटांत उरकला, अर्ध्या पोरांना कळलंच नाही कोणी कुठे उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी त्याने पांढऱ्या बोर्डावर मशीनप्रमाणे नावं लिहून ठेवली आणि स्वतः बाजूला उभा राहिला. बोलायची गरजच ठेवली नाही. आयटीआयच्या नव्या पोराकडून टूल ऑफसेट (मशीनला द्यायचं टूलचं माप) चुकला, स्पिंडल थोडक्यात वाचला. हा ओरडला नाही. त्याला शेजारी उभं केलं आणि तोच ऑफसेट त्याच्याचकडून तीनदा घालून घेतला. पाना पोराच्याच हातात होता, जुना पर्सोनेल.

गुरुवारी मात्र घोळ झाला. एक मशीन दुपारी बंद पडलं. त्याने ते उघडलं आणि त्यातच गुंतला. पीपीसीला (उत्पादनाचं नियोजन बघणाऱ्या विभागाला) कळवलंच नाही. संध्याकाळी ट्रक गेटवर दोन तास उभा. बोलणी मी खाल्ली. मार्केटिंगवाले, तुमचा गुण.

बोलक्याचा आठवडा वरून गुळगुळीत गेला. डिस्पॅच वेळेवर, पीपीसी खूश, सगळ्यांना सगळं कळवलेलं. फक्त शनिवारी रात्री मशीन अडलं तेव्हा पोरांनी फोन गप्पला लावला, त्याची सुट्टी असताना. हे मला सिक्युरिटीकडून कळलं. आणि हे बोलक्यालाही कळलं. सोमवारी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, मला एक महिना सेटिंगवर टाका." हे मी अपेक्षिलं नव्हतं.

सुपरवायझर कोण, ते अजून ठरलेलं नाही. द्राक्षबाग, गप्पला विचारलं, व्हायचंय का? म्हणाला, "घरी विचारून सांगतो." चार दिवसांनी सांगितलं, "चालेल, पण पीपीसीला फोन कसा करायचा ते एकदा दाखवा." फोन कसा करायचा! मी हसणार होतो, मग लक्षात आलं, आधी काय बोलायचं आणि किती बोलायचं हे तो विचारत होता.


जुना_पर्सोनेल — सोमवार, सकाळी ६:३०

वाचून बरं वाटलं. एक विचारतो. फॉर्मवर काय लिहिलं गेलं, हे त्या दोघांना सांगितलंत का? पुष्कळ कंपन्या हा रकाना दाखवत नाहीत. ‘कमी’ कळलं तर माणूस खचतो आणि ‘जास्त’ कळलं तर बाजारात जातो, असं आम्ही म्हणायचो. तेव्हा ते पटायचं.


अंबड_सेकंडशिफ्ट — सोमवार, रात्री ११:४५

दाखवायचा नाही असंच आहे. पण गेल्या गुरुवारी चहाच्या सुट्टीत गप्पनेच विचारलं. "सर, माझं काय लिहिलं वर?" इतक्या सरळ विचारल्यावर खोटं बोलता येईना. म्हटलं, मध्यम.

त्याने मान हलवली. जरा थांबून म्हणाला, "कशाने मोजलं सर?"

मायक्रॉन, त्याने तुमचा प्रतिसाद वाचलेला नाही, शपथ. सेटर आहे, कोणतंही माप ऐकलं की हाच प्रश्न विचारतो. उद्या सांगतो म्हणून मी उठलो. आज चौथा दिवस. या आठवड्यात त्याचीही सेकंड शिफ्ट आहे आणि माझीही.